डाऊन म्हणजे डोंगर

मंडळी, नमस्कार. आजच्या विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल, पत्रिकेत छपाईची चूक झाली. डाऊन म्हणजे खाली, हे चौथीतलं पोरही सांगेल. पण चूक झालेली नाही. ह्या एका शब्दाबद्दल मी आज बोलणार आहे, आणि तो इंग्रजीत मुळात डोंगराचा शब्द होता, एवढंच मला सांगायचं आहे. एवढंच म्हटलं तरी त्याला तासभर लागतो, कारण ह्या शब्दाचं गणगोत आयर्लंडपासून उटीपर्यंत पसरलंय.

सुरुवात एका बसपासून करतो. माझा भाचा ब्रायटनला असतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हे शहर. तीन वर्षांपूर्वी त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा एका सकाळी तो म्हणाला, "मामा, चला, तुम्हाला टेकडीवर नेतो." स्टेशनाजवळच्या थांब्यावर उभे राहिलो. तिथल्या ह्या बससेवेचं नावच आहे ‘ब्रीझ अप टू द डाऊन्स’. चाळीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं. अप आणि डाऊन ही जोडी विरुद्धार्थी शब्द म्हणून किती तुकड्यांना शिकवली असेन, हिशोब नाही. आणि इथे बस सांगत होती, वर चला, डाऊन्सवर. पुस्तकातून मला हे माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि थांब्यावर उभं राहून वाचणं वेगळं. त्या दिवशी तो शब्द मला पहिल्यांदा दिसला.

सत्त्याहत्तर नंबरची बस वीसेक मिनिटांत वर पोचते. जागेचं नाव डेव्हिल्स डाइक, सैतानाचा चर. उतरलात की पायाखाली आखूड, दाट गवत. शेकडो वर्षं मेंढ्यांनी कुरतडून कुरतडून ते गालिच्यासारखं बसवलंय. झाड औषधाला नाही. माथा आपल्याला सवय आहे तसा टोकदार नाही. पालथ्या घातलेल्या परातींची रांग डोळ्यांपुढे आणा, तसा. वाटेवर जिथे गवत झिजलंय, तिथून पांढरीशुभ्र जमीन डोकावते. मी वाकून बोटाने खरवडली, तर बोट पांढरं झालं. फळ्यावर लिहून झाल्यावर व्हायचं ना, अगदी तसं. ही आख्खी डोंगररांग खडूची आहे. क्रिटेशस काळात, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या काळात, इथे समुद्र होता, त्याच्या तळाशी सूक्ष्म शैवालांची कवचं कोट्यवधी वर्षं साचत गेली, त्यांचा हा खडक. तो साचायचा थांबल्यावर काही काळाने, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, इकडे आपल्या सह्याद्रीचा लाव्हा वाहायला लागला. त्यांचा पांढरा आणि आपला काळा, वयाने तसे मागेपुढेच.

आणि वर कुठे ओढा नाही, ओहोळ नाही. पाऊस पडला की खडू तो पिऊन टाकतो, पाणी थेट पोटात जातं. म्हणून धनगर लोक गुरामेंढरांसाठी माथ्यावर चिकणमाती चोपून तळी करायचे. तो ‘सैतानाचा चर’ म्हणजे सुमारे १०० मीटर खोल कोरडी दरी आहे. हिमयुगात जमीन गोठून घट्ट झालेली असताना वितळलेलं पाणी आत मुरेना, वरून वाहिलं, तेव्हा ती खोदली गेली. लोककथा म्हणते, सैतान समुद्राचं पाणी आत आणून गावातली चर्चं बुडवायला निघाला होता.

तर ह्या टेकड्यांना इंग्रज माणूस ‘द साउथ डाऊन्स’ म्हणतो. विंचेस्टरपासून ईस्टबोर्नच्या समुद्रकड्यांपर्यंत सुमारे १६० किलोमीटरांची पायवाट त्यांच्या माथ्यावरून जाते. २०१० पासून हा सगळा भाग राष्ट्रीय उद्यान आहे. उत्तरेला समांतर दुसरी रांग, नॉर्थ डाऊन्स, ती डोव्हरला पांढऱ्या कड्यांपाशी समुद्रात उतरते. उंची म्हणाल तर अडीचशे मीटरांच्या आसपास. आपल्याकडे ह्याला कोणी डोंगर म्हणणार नाही, टेकडी म्हणतील. पण नाव उंचीवरून पडलेलंच नाही, ते आकारावरून पडलंय. त्याकडे मी येतोच.

हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘डून’ असा शब्द होता. उच्चार दीर्घ, डू-न. अर्थ टेकडी, डोंगर. माणूस टेकडीवरून उतरला की म्हणायचा ‘ऑफ डूने’. ऑफ म्हणजे पासून, वरून. ‘ऑफ डूने’ म्हणजे टेकडीवरून, डोंगरापासून. रोज तोंडात असलेला शब्द घासतोच. त्याचं ‘अडूने’ झालं, मग तो पुढचा ‘अ’ही गळाला आणि राहिलं नुसतं ‘डूने’, म्हणजे आजचं डाऊन. बघा काय झालं. उतरण्याची खूण ‘ऑफ’मध्ये होती. ती गेली, आणि मागे राहिलेल्या डोंगरावर खालीचा अर्थ येऊन बसला. दुसरीकडे टेकडीचं नाव म्हणून तोच शब्द जागच्या जागी राहिला. म्हणून आज इंग्रजीत माणूस डाऊन्सवर चढतो आणि डाऊन उतरतो.

आपण रत्नागिरीकर आहोत, आपल्याला हे समजायला अवघड नाही. आपल्या गावात वरची आळी आहे, खालची आळी आहे. आपल्याकडे वर-खाली ही नुसती दिशा नाही, ती जमीन आहे. गावावरच्या सपाट कातळमाथ्याला आपण सडा म्हणतो. आपली आजी म्हणायची, "गुरं सड्यावर गेलीत, तिन्हीसांजेला सड्यावरून येतील." उद्या तीनशे वर्षं आपण ‘सड्यावरून’ म्हणत राहिलो, आणि झिजत झिजत त्याचं नुसतं ‘सडा’ उरलं, आणि ‘सडा ये’ म्हणजे ‘खाली ये’ असं पोरं म्हणायला लागली, तर जे होईल तेच इंग्रजीत झालं.

इथे मला थोडं थांबायचंय, कारण ह्या विषयातली मला सगळ्यांत आवडती गोष्ट ही आहे. डाऊन हा इंग्रजांनी आपल्या जमिनीवर घडवलेला शब्द. मग वरसाठी त्यांचा शब्द कुठला? ‘अप’ आणि ‘ओव्हर’. हे दोन्ही फार जुने. संस्कृतातल्या ‘उप’ आणि ‘उपरि’ ह्यांचे हे भाऊबंद. ‘उपरि’चं प्राकृतात ‘उवरि’ झालं आणि मराठीत नुसतं ‘वर’ राहिलं. म्हणजे इंग्रजीतलं ओव्हर आणि मराठीतलं वर हे एकाच घरचे. जर्मनमधला ‘ऊबर’, ग्रीकमधला ‘हायपर’, लॅटिनमधला ‘सुपर’ हेही त्याच घरचे. आता खालीसाठी त्या जुन्या घरात शब्द नव्हता का? होता. ‘नि’. निपात, निम्न, नीच ह्या शब्दांत तो संस्कृतात बसलाय. इंग्रजीतही होता, जुन्या इंग्रजीत ‘निथर’. नेदरलँड्स म्हणजे सखल मुलूख, त्या नावात तो अजून आहे, ‘बिनीथ’मध्ये आहे. पण रोजच्या बोलण्यातून तो मागे पडला आणि त्याची जागा टेकडीने घेतली.

आणि मराठीत? आपणही ‘नि’ सोडून दिला. आपण म्हणतो खाली. खालचा, खालून, खालावला. वरचा-वरून, खालचा-खालून, अशी जोडी लावली की ‘खाल’ हे मूळ अंग उघडं पडतं. रिकामं ह्या अर्थाचं अरबीतून आलेलं ‘खाली’ निराळं, त्याची ह्यात भेसळ करू नये. तेव्हा चित्र असं दिसतं: वरचा शब्द दोघांनीही वाडवडिलांचा राखला, खालचा मात्र ज्याने त्याने आपापला केला. असं का व्हावं, ह्याचं एका वाक्यात उत्तर नाही. पण माझा एक अंदाज आहे. वर बघताना सगळ्यांना एकच आकाश दिसतं. उतरताना मात्र प्रत्येकाच्या पायाखाली वेगळी वाट असते.

आता आकाराकडे. मार्गारेट गेलिंग नावाच्या स्थलनामांच्या मोठ्या अभ्यासक होत्या, २००९ साली त्या गेल्या. त्यांच्याआधी अशी समजूत होती की जुन्या इंग्रजीत टेकडीला पाच-पंचवीस शब्द आहेत आणि सगळ्यांचा अर्थ ढोबळमानाने एकच. गेलिंगबाईंनी नकाशे घेतले, ॲन कोल ह्या सहकारी अभ्यासक टेकड्यांची रेखाटनं करायच्या, आणि नावांमागून नावं जागेवर ताडून पाहिली. त्यातून दिसलं की तो समज चुकीचा आहे. ज्या गावाच्या नावात ‘डून’ आहे, तिथली टेकडी बहुतेक वेळा ठेंगणी, पसरट, वर सपाट जागा असलेली, वस्ती करता येईल अशी निघते. ‘होह’ म्हणजे टाच. ज्या डोंगराची सोंड पुढे येऊन टाचेसारखी एकदम संपते, त्यालाच ते नाव. प्लिमथ हो, सटन हू, ही नावं त्यातली. त्या शेतकऱ्यांना टेकडी लांबून बघून तिचं नाव सांगता यायचं, आणि नाव ऐकून दुसऱ्याला टेकडी ओळखता यायची.

हे वाचलं तेव्हा मला आपल्याकडची माणसं आठवली. शहरातल्या माणसाला सगळा डोंगर. पण गुराख्याला विचारा. सडा निराळा, माळ निराळा, टेपाड निराळं, धार निराळी, सोंड निराळी, घळ निराळी, कडा तर निराळाच. ह्यातले कुठलेही दोन शब्द तो एकमेकांच्या जागी वापरणार नाही, कारण चुकीचा शब्द वापरला तर गुरं शोधायला गेलेला पोरगा भलतीकडेच जाईल. ‘डून’ला मराठीत एक शब्द द्या म्हटलं तर मी डोंगर देणार नाही, सडा देईन. खडक निराळा, त्यांचा खडू, आपला जांभा; पण वर सपाटी, गवत, चरणारी जनावरं, आणि माणसाला उभं राहून चहूकडे बघता येईल अशी जागा. आणखी एक साम्य सांगतो. आपल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, तशी त्यांच्या डाऊन्सवरही चित्रं आहेत. उफिंग्टनला टेकडीच्या उतारावर खडूचा पांढरा घोडा आहे, ११० मीटरांच्या आसपास लांब, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा. वेळोवेळी गवत काढून, खडू चोपून, पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तो पांढरा ठेवलाय. नाहीतर पंचवीस-तीस वर्षांत गवताने गिळला असता.

गावांची नावं तुमच्या ओळखीची आहेत. विम्बल्डन. टेनिस बघताना तुम्ही जे नाव घेता, त्यातला शेवटचा ‘डन’ म्हणजे आपला डून. विनमन नावाच्या कोणा माणसाची टेकडी. दहाव्या शतकातल्या नोंदीत ते ‘वुनमनडून’च्या जवळचं आहे. स्विंडन म्हणजे डुकरांची टेकडी, हंटिंग्डन म्हणजे शिकाऱ्याची, हेंडन म्हणजे उंच टेकडी. पण लगेच सावध राहा. क्रॉयडन ऐकायला अगदी तसंच, पण त्यातलं शेवटचं पद ‘डेनू’ आहे, आणि डेनू म्हणजे दरी. केशराची दरी. लंडनचा तर ह्या डूनशी काहीच संबंध नाही. कानाला सारखं लागलं म्हणून नातं लावायचं नसतं, जुनी नोंद बघायची, आणि जमलं तर जागेवर जाऊन टेकडी आहे का तेही बघायचं.

आणि वूस्टरशरमध्ये एक ब्रीडन हिल आहे. ‘ब्रे’ हा तिथल्या केल्टिक लोकांचा टेकडीचा शब्द. इंग्रज आले, त्यांनी विचारलं असेल, हे काय? उत्तर आलं, ब्रे. त्यांना ते विशेषनाम वाटलं, त्यांनी पुढे आपला ‘डून’ जोडला. काही शतकांनी डूनचाही अर्थ नावात मुरून दिसेनासा झाला, म्हणून पुढे ‘हिल’. टेकडी-टेकडी-टेकडी. तीन लोकांनी एकाच टेकडीला आपापल्या वेळी हात लावला, त्याची ही खूण.

केल्टिक लोकांचा विषय निघाला, तर आता नातेवाइकांकडे वळू. हा भाग थोडा किचकट आहे, पण घाई करायची नाही.

आयरिश भाषेत ‘डून’ असा शब्द आहे. अर्थ गढी, किल्ला. डब्लिनजवळचं डून लेअरी म्हणजे लेअरीची गढी. उत्तर आयर्लंडमध्ये एक काउंटीच ‘डाऊन’ नावाची आहे, तिथलं डाऊन म्हणजे हीच गढी, खाली नव्हे आणि खडूची टेकडीही नव्हे. स्कॉटलंडच्या एडिनबर्गचं गेलिक नाव डून एडिन; तेच नाव घेऊन स्कॉटिश लोकांनी न्यूझीलंडमध्ये डनीडिन वसवलं. फ्रान्समधलं ल्यों पूर्वी लुगडूनुम होतं, व्हर्दं हे विरोडूनुम. इंग्लंडमधलं कोलचेस्टर रोमनांच्या काळात कॅमुलोडूनुम. म्हणजे आयर्लंडपासून फ्रान्सपर्यंत हा डून पेरलेला होता, सगळीकडे तटबंदीच्या जागा म्हणून.

टेकडी आणि किल्ला ह्यांचा संबंध काय, हे मराठी माणसाला विचारायची गरज नाही. आपण ‘गडावर जाऊन येतो’ म्हणतो तेव्हा गड म्हणजे तटबंदी की तो डोंगर, हे वेगळं करून सांगता येतं का? जर्मन भाषेतही बेर्ग म्हणजे डोंगर आणि बुर्ग म्हणजे किल्ला, हे दोन सख्खे आहेत. दोघंही उंच ह्या अर्थाच्या मुळातून आलेले, आपल्या ‘बृहत्’चे नातलग.

तर केल्टिक डून हा इंग्रजी डूनचा भाऊ, असं म्हणून मोकळं व्हावं का? इथेच खरी गंमत आहे. कारण तिसरा एक दावेदार आहे. जुन्या इंग्रजीत ‘टून’ असा आणखी एक शब्द होता. टून म्हणजे कुंपण घातलेली जागा. आधी कुंपण, मग कुंपणाच्या आतलं अंगण, मग आतलं घर-शेत, मग गाव, आणि शेवटी शहर. तोच आजचा टाऊन. जर्मनमध्ये त्याचा भाऊ ‘त्साउन’, अजूनही अर्थ कुंपण. डच भाषेतल्या भावाचा अर्थ बाग झाला. आपल्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आत काय काय येतं ते आठवा, म्हणजे हे सगळे अर्थ एकाच ठिकाणी कसे बसतात ते कळेल. मराठीतही वाडा आणि वाडी हे ‘वाट’ म्हणजे कुंपणाची जागा ह्या संस्कृत शब्दातूनच आलेत. टाऊन म्हणजे मुळात वाडीच.

आता कोण कोणाचा भाऊ? इथे ध्वनींचा नियम कामाला येतो. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ साली तो मांडला. त्याआधी १८१८ मध्ये डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने त्याच गोष्टीकडे लक्ष वेधलं होतं. संस्कृतात जिथे ‘द’, तिथे इंग्रजीत ‘ट’: द्वि-टू, दश-टेन, दंत-टूथ. आणि संस्कृतात जिथे ‘ध’, तिथे इंग्रजीत ‘ड’: विधवा-विडो, मधु-मीड. मीड म्हणजे मधाची दारू. केल्टिक भाषांनी मात्र द आणि ध ह्यांतला फरकच पुसून टाकला, दोन्हींचा ‘ड’ केला. त्यामुळे केल्टिक डूनकडे बघून तो मुळात द-वाला की ध-वाला, हे सांगता येत नाही. द-वाला असेल तर त्याचा इंग्रजी भाऊ ‘ट’ने सुरू व्हायला हवा, म्हणजे टाऊन. ध-वाला असेल तर ‘ड’ने, म्हणजे डाऊन. दोघंही एकाच वेळी त्याचे सख्खे असू शकत नाहीत.

अभ्यासकांमध्ये ह्यावर मतभेद आहेत. काही म्हणतात, डून हा जर्मानिक लोकांनी, म्हणजे इंग्रजी-जर्मन-डच ह्या भाषाघराण्याच्या पूर्वजांनी, केल्टिकांकडून उसना घेतला. काही म्हणतात, तो त्यांचा स्वतःचाच. मला स्वतःला टाऊनचं नातं अधिक भक्कम वाटतं. टून सगळ्या मोठ्या जर्मानिक भाषांत आहे, आइसलँडपासून जर्मनीपर्यंत, आणि कुंपण व तटबंदी हे अर्थ एकमेकांना चिकटून आहेत. डून मात्र उत्तर समुद्राच्या काठाकाठानेच सापडतो, इंग्रजी, फ्रिशियन, डच, उत्तर जर्मनी. किनाऱ्याकिनाऱ्याने पसरलेला शब्द उसना असण्याची शक्यता मला नाकारता येत नाही.

किनाऱ्यावरच्या डचांकडे टेकड्या कुठल्या? त्यांच्याकडे वाळूचे ढीग. त्यांनी डून शब्द त्यांनाच लावला. तो फ्रेंचांनी उचलला, ‘द्यून’ केला, आणि फ्रेंचांकडून अठराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत ‘ड्यून’ म्हणून आला. वाळवंटाच्या चित्रांत आपण जी वाळूची टेकडी बघतो ती. घरचाच पोरगा परदेशी कपडे घालून परत आला आणि कोणी ओळखला नाही. डंकर्क हे गाव तुम्हाला १९४० च्या माघारीमुळे ठाऊक आहे, तिथून ३ लाख ३८ हजारांवर सैनिक सोडवून आणले. डंकर्क म्हणजे वाळूच्या टेकड्यांतलं चर्च. आणि ती सारी मोहीम हलली डोव्हरच्या किल्ल्यातून, जिथे नॉर्थ डाऊन्स समुद्राला भिडतात. खाडीच्या ह्या काठाला डाऊन, त्या काठाला ड्यून. शब्द एकच.

आता काही खोटे नातेवाईक, कारण ह्या विषयात तेच जास्त भेटतात. डेहराडूनमधला डून. ऐकायला हुबेहूब, पण अर्थ नेमका उलटा: दोन रांगांमधली लांबट दरी. तो संस्कृत ‘द्रोणी’तून आलाय. द्रोणी म्हणजे लाकडाची डोणी, पन्हळ. आपण श्राद्धाला, प्रसादाला पानांचा जो द्रोण लावतो, तो त्याच घरातला. हा द्रोण हातात धरून बघा, दोन्ही कडा उचललेल्या, मध्ये खोल. दरीच ती. द्रोणाच्या मुळाशी ‘द्रु’ म्हणजे लाकूड, झाड. आता आत्ताचाच नियम लावा, संस्कृतात द तर इंग्रजीत ट. ‘द्रु’चा इंग्रजी भाऊ कोण? ट्री. म्हणजे डेहराडूनच्या डूनला इंग्रजीत नातेवाईक हवाच असेल, तर तो डाऊन नाही, झाड आहे. पिसांच्या जाकिटाला डाऊन जॅकेट म्हणतात, तो डाऊनही निराळा. तो नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेतून आलेला पिसांचा शब्द आहे.

आणि आपला डोंगर? डोंगर आणि डाऊन ह्यांत ड सारखा, म्हणून नातं लावणारी माणसं मला भेटलीत. नातं नाही. डोंगर प्राकृतातल्या ‘डुंगर’चा, गुजराती, राजस्थानीतही तो आहे. पण इंग्रजीत आपला डोंगर गेलाय, वेगळ्या वाटेने. मुंबईची डोंगरी म्हणजे छोटी टेकडी. तिथल्या जाड्याभरड्या कापडाला ‘डुंगरी’ नाव पडलं, असं कोश सांगतात, आणि इंग्रजीत त्याची ‘डंगरी’ झाली. कामगारांचा, लहान पोरांचा तो जोडपोशाख. इंग्रज मूल डंगरी घालून डाऊन्सवर खेळायला जातं, तेव्हा अंगावर मराठी टेकडी आणि पायाखाली इंग्रजी टेकडी.

साम्राज्याबरोबर शब्दही हिंडले. ऑस्ट्रेलियात ॲलन कनिंगहॅमने १८२७ साली क्वीन्सलँडमधल्या गवताळ पठाराला डार्लिंग डाऊन्स नाव दिलं. उटीला जे गेले असतील त्यांनी वेनलॉक डाऊन्स पाहिले असतील, सिनेमातली गाणी जिथे चित्रित होतात ते हिरवे उतार. गवत, गोलाई आणि झाडांचा अभाव, एवढ्यावर इंग्रज माणसाला घर आठवलं. त्यामानाने आपल्याकडे डाऊन शब्दाचा मुक्काम रेल्वेत पडला. "रोज अप-डाऊन करतो" हे आता शुद्ध मराठी आहे. इंग्लंडमध्ये लंडनकडे जाणारी गाडी अप आणि लंडनपासून दूर जाणारी डाऊन, तीच रीत इथे आली, लंडनच्या जागी मुंबई. त्यामुळे मुंबईहून पुण्याला जाणारी गाडी डाऊन. आणि ती डाऊन गाडी काय करते? कर्जत सोडलं की मागे बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिनं, लावून बोरघाट चढते. १८६३ साली तो घाट सुरू झाला तेव्हा त्याची सर्वांत तीव्र चढण ३७ ला १ होती, पंचवीस किलोमीटरांत साडेपाचशे मीटरांच्या वर. ‘डोंगरावरून उतरून’ ह्या अर्थाचा शब्द पाठीवर लावून गाडी डोंगर चढते. लहानपणी मी खिडकीत बसून बोगदे मोजायचो. डाऊन म्हणजे काय ह्याचा विचार तेव्हा केला नव्हता.

शेवटी पुन्हा ब्रायटनला येतो. भाचा दुसऱ्या दिवशी मला पॅचम गावाच्या वर घेऊन गेला. तिथे मोटार जात नाही, चालत जावं लागतं. मेंढ्यांच्या कुरणातून वाट, दोन फाटकं उघडून बंद करायची. आणि उतारावर एकदम पांढरा संगमरवरी घुमट, आठ खांबांवर. इंग्लंडच्या नकाशावर त्याचं नाव ‘द छत्री’. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी झालेल्या हिंदी सैनिकांची रुग्णालयं ब्रायटनला होती, एक तर तिथल्या राजवाड्यातच. जे वाचले नाहीत, त्यांतल्या ५३ हिंदू आणि शीख जवानांना ह्या टेकडीवर अग्नी दिला. १ फेब्रुवारी १९२१ ला तिथे ह्या छत्रीचं अनावरण झालं. दहन झालं त्या जागेवर ग्रॅनाइटच्या लाद्या आहेत. पुण्यात वानवडीला महादजींची शिंदे छत्री आहे ना, त्याच अर्थाची छत्री. एरवी मराठीत आपण छत्री म्हणतो तेव्हा पावसातली आठवते. तिथे मी उभा होतो तेव्हाही पाऊस भुरभुरत होता.

खाली शहर, त्यापुढे समुद्र. त्या माणसांच्या अस्थी त्याच समुद्रात सोडल्या होत्या. मी तिथे बराच वेळ थांबलो. त्यांतल्या कोणाला डाऊन हा शब्द कळला असेल का, आजूबाजूच्या परिचारिका त्या टेकड्यांना काय म्हणतात हे कोणी कान देऊन ऐकलं असेल का, असं मनात येत होतं. मग भाच्याने घड्याळ दाखवलं आणि आम्ही निघालो. ओल्या खडूवरून पाय सरकत होते, बूट घोट्यापर्यंत पांढरे झाले, गडग्यासारख्या एका गारगोटीच्या भिंतीला धरत धरत उतरलो. ऑफ डूने.

सात वाजेपर्यंत सभागृह आपल्याकडे आहे. कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.